खोळकाकूंचा सोफा

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की खोळकाकू आधी त्या घरच्या सोफ्याचं कव्हर वर करून खाली हात घालायच्या. नमस्कार-चमत्कार सगळा त्यानंतर. गाय विकत घेणारा आधी तिचे दात बघतो ना, तसं. फरक इतकाच, की इथे कुणी काही विकायला काढलेलं नसायचं.

आम्ही बदलीवर जयपूरला आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. यांची विम्यातली नोकरी, बनी पार्कातल्या एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला भाड्याने मिळालेला, निम्मं सामान अजून बांधलेलं, गॅस लागलेला नाही, आणि मी सकाळपासून कुणावर ओरडू याच्या शोधात. दार उघडंच होतं. पन्नाशीची एक उंच, काटकुळी बाई आत आली. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, हातात चहाचा थर्मास. "खाली राहते मी, मराठीच हाय," एवढं म्हणून तिने थर्मास खिडकीत ठेवला आणि सरळ माझ्या सोफ्यापाशी फरशीवर बैठक मारली. झालर वर केली आणि कोपरापर्यंत हात आत. आतून निघालं ते असं: एक कंगवा, शेंगांची दोन टरफलं, माझ्या मुलीचं, मुग्धाचं, नाशिकपासून हरवलेलं खोडरबर आणि मूठभर काथ्या. ते सगळं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"खरूज झाली वं तुझ्या सोफ्याले," म्हणाल्या.

आमच्याकडे लोक चप्पल काढायच्या आधी तीनदा 'येऊ का' विचारतात. सख्खी नणंदसुद्धा माझ्या सोफ्याखाली हात घालायला धजली नव्हती. मी काहीतरी फटकन बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. तीन दिवसांनी मिळालेला पहिला आल्याचा चहा. भांडण राहूनच गेलं.

खोळकाकू हे नाव इथल्या मराठी मंडळाने दिलेलं. काका बँकेत होते, दोघंही अमरावतीकडची. काकूंच्या बोलण्यात मले-तुले आणि 'काहून' अखंड, आणि तीन राज्यं फिरून आल्या तरी त्यात काडीचा फरक पडलेला नव्हता. मंडळाच्या गणपतीत सगळ्या बायका मोदक करायच्या आणि या मखराच्या मागे बसून मंडळाच्या मोडक्या खुर्च्यांना खोळी शिवायच्या. आम्हा दोघींच्या घरमालकीण माथुर आंटी, बंगल्याच्याच पुढच्या भागात राहणाऱ्या, त्यांना 'गिलाफवाली', म्हणजे खोळवालीच, म्हणत. काकूंना दोन्ही नावं माहीत होती आणि दोन्ही आवडत होती.

त्यांना नवं सामान घेतलेलं बघवतच नसे. कुणी सोफा बदलायचा म्हटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू घरातल्या म्हाताऱ्याला बाहेर काढायची भाषा चाललीय. "पाय शाबूत हायत नं त्याचे? मग?" एवढंच विचारायच्या. मग दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर. पिशवीत कात्री, दाभण, सुतळी, पॉलिश पेपर आणि रंगाचा एखादा अर्धा डबा. कापड ज्याच्या त्याच्या घरचं. जुनी साडी, उसवलेला पडदा, विटलेली सांगानेरी छापाची चादर, काहीही चालायचं. टेप कधी लावला नाही. वीत आणि हात, बस्स. आणि खोळ खालून सुतळीने बांधून अशी गाठ मारायच्या की मुलांनी त्यावर उड्या मारल्या तरी ती ढिली होत नसे. ती गाठ बघायला सोपी, पण मारायला गेलं की जमायची नाही. मी दहा वेळा शिकायचा प्रयत्न केला. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझ्या हातात सबुरी नाही, तू चहाच कर."

आणि त्या विचारत नसत हो. हेच तर मला आधी पचायचं नाही. माथुर आंटींच्या घरी त्यांच्या दिवंगत यजमानांचं एक काळं शिसवी टेबल होतं. आंटी त्यावर कुणाला पेलाही ठेवू देत नसत. एकदा आंटी शीतलामातेच्या दर्शनाला चाकसूला गेल्या आणि किल्ली काकूंकडे ठेवून गेल्या. संध्याकाळी परतल्या तर टेबल पोपटी. नुसतं पोपटी नाही, पायांना पिवळी रेघसुद्धा. मी जिन्यात उभी होते. म्हटलं, आता दोन बिऱ्हाडं रस्त्यावर येतात. आंटी पाच मिनिटं दारातच उभ्या. मग आत जाऊन टेबलावरून हात फिरवला, आणि रंग ओला असल्यामुळे हात पोपटी झाला. "साहब को हरा रंग बहुत पसंद था," असं काहीतरी म्हणाल्या आणि डोळे पुसायला गेल्या, तर गालही पोपटी. काकू शांतपणे रॉकेलचा बोळा घेऊन उभ्या. मला आजही त्या बाईच्या धाडसाचं नवल वाटतं.

"आतलं आत राहू द्यावं, बाहेरचं धुऊन घ्यावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी एकदा चिडून म्हटलं, की काकू, तुम्ही तर सगळ्या गावाच्या आतच हात घालता. तर म्हणाल्या, पाहायचं, पण बोंबलायचं नाही. आणि खरंच, कुणाच्या सोफ्यातून काय निघालं हे त्यांनी कधी दुसऱ्या घरी सांगितलं नाही. कुणाकडे रिकामी बाटली निघाली असेल, कुणाकडे लपवलेलं प्रगतिपुस्तक. सगळं त्यांच्या पोटात.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा जयपूरला येणार होत्या, तेव्हाची गोष्ट सांगते. सासूबाई म्हणजे शिस्त. त्यांच्यापुढे मी आधीच आळशी ठरलेली, त्यात सोफ्याची ही दशा. काकूंनी एका दिवसात माझे जुने पडदे आणि दोन साड्या फाडून सगळा हॉल नवा केला. टीपॉयला रंगसुद्धा दिला. सासूबाई आल्या, बसल्या, खोळीवरून हात फिरवला आणि कुणी शिवलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, तुमच्या सूनबाईनंच की, मी फक्त सुई ओवून दिली. मला शर्टाचं बटण लावता येत नाही, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण काकू इतक्या सहज बोलल्या, की सासूबाईंनी ते मानलं. जाताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "शिकलीस हो." एवढं सराईत खोटं ही बाई कुठे शिकली, असं माझ्या मनात तेव्हा आलं होतं खरं.

आता त्यांच्या स्वतःच्या सोफ्याबद्दल. खालच्या हॉलमध्ये भिंतीला लावून तिघांचा एक सोफा. गडद निळ्या ठशाच्या कापडाची खोळ, जमिनीपर्यंत झालर, पट्टीने आखल्यासारखा सरळ. बसायला मात्र दगड. मऊ बसकणीची सवय असलेला माणूस त्यावर टेकला की दचकायचा. पण माथुर आंटींची पाठ दुखायची थांबली ती त्या सोफ्यामुळे, असं त्या साऱ्या कॉलनीला सांगत. रोज चार वाजता येऊन डावीकडच्या कोपऱ्यात बसत. 'ये असली सोफा है, आजकल ऐसे नहीं बनते' म्हणत. कुठून घेतला विचारलं की काकू म्हणत, "बाबांनी दिला. लग्नातला." आणि विषय संपायचा.

त्या सोफ्याला मात्र कुणी हात लावायचा नाही. सगळ्या गावच्या झालरी वर करणारी ही बाई स्वतःच्या झालरीचं टोक उचलू देत नसे. मुग्धा लहान असताना लपाछपीत एकदा तिकडे वाकली, तर काकू एवढ्या जोरात ओरडल्या की पोरगी रडतच वर आली. "आई, मतलब मी काहीच नाही केलं." मग काकूच शिऱ्याची वाटी घेऊन आल्या, पण का ओरडल्या ते सांगितलं नाही.

वर्षातून एकदा त्या सोफ्याची खोळ बदलायची, बासोड्याला. होळीनंतर आठवड्याने इकडे बासोडा असतो. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीच्या थंड पुऱ्या आणि गोड पुए खातात. काकूंनी सगळ्या राजस्थानातला हा एकच सण उचलला. "चूल बंद म्हणजे हात मोकळे," म्हणायच्या. सकाळी दार आतून लावायचं. काका पायरीवर खुर्ची टाकून पेपर वाचायचे, आणि कुणी आलं की 'ती कामात आहे' म्हणून परतवायचे. संध्याकाळी दार उघडायचं आणि सोफा नव्या खोळीत. माथुर आंटींनी सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं होतं, की महाराष्ट्रातलं काहीतरी व्रत असेल. मीही खुळी, सहा वर्षं ते व्रतच समजत होते.

मग त्या वर्षी ऐन वैशाखात काका जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. काकू बारा दिवस इस्पितळातच. मुलगा बंगळुरूहून आला, तोही तिथेच. त्याचं लग्न ठरत होतं, आणि मुलीकडची दिल्लीची मंडळी काकांना बघायला म्हणून रविवारी घरी येणार होती. बघायला म्हणजे काय, घर बघायला, आपल्याला कळतं ना. काकूंचा फोन आला. तुळशीला पाणी घाल, केर काढून ठेव. आणि मग मुद्दाम थांबून म्हणाल्या, "बाकी कशाले हात लावू नको, पोरी."

मी हो म्हटलं. पण शुक्रवारी दुपारी आंधी आली. जयपूरची आंधी ज्यांनी पाहिली नाही, त्यांना काय सांगू. अर्ध्या तासात सगळं गाव पिवळं. खालच्या मजल्याची मागची खिडकी उघडी राहिलेली, चूक माझीच. जाऊन बघते तर हॉलमध्ये वाळू, आणि निळा सोफा उंटासारखा दिसतोय. उद्या काका घरी येणार, परवा पाहुणे. मला वाटलं, या बाईने माझ्या सासूपुढे माझी लाज राखली. आज आपली पाळी. एक खोळ धुऊन परत चढवायची, त्यात काय एवढं. मला कुठून ती दुर्बुद्धी सुचली, देव जाणे.

गाठी सुटता सुटेनात. चमच्याच्या दांड्याने एकेक सोडवली. डावीकडची झालर वर केली आणि समोर काळ्या रंगात अक्षरं: 'काच. सांभाळून.' वर बाण काढलेला. मला क्षणभर कळेचना. खोळ आणखी ओढली. पाइनच्या लाकडाचं खोकं. बदलीचं सामान ट्रकमध्ये घालतात तसलं, खिळे ठोकलेलं, कडेने लोखंडी पट्टी. काकांचं नाव, त्याखाली रायपूर, त्यावर काट. भोपाळ, त्यावर काट. जबलपूर, त्यावर काट. मग जयपूर. शेजारी दुसरं खोकं, त्याच्या शेजारी तिसरं. वर एक गादी. पाठीला बाजेची फळी, तिला जुनी रजई गुंडाळलेली. आणि ज्यावर मी सहा वर्षं कोपर टेकून चहा प्यायले, तो सोफ्याचा हात म्हणजे उभी केलेली संत्र्याची पेटी. तिच्यावरचं संत्र्याचं चित्रसुद्धा शाबूत.

मला आधी हसू फुटलं. माथुर आंटी इतकी वर्षं 'काच. सांभाळून' वर बसत होत्या. मग राग आला. आम्हा सगळ्यांच्या सोफ्यांना खरूज, लूत, महारोग काय काय म्हणणारी बाई, आणि हिच्याकडे मुळात सोफाच नाही. आणि मग हळूहळू लक्षात आलं. त्या दोघांनी बासोड्याला दार लावून, पायरीवर पहारा ठेवून जे झाकलं होतं, ते मी चमच्याच्या दांड्याने उघडं केलं होतं. 'हात लावू नको' असं सांगितलं असताना. मी त्या वाळूतच खाली बसले. हे बाहेर गेलं तर काकू या कॉलनीत मान वर करून चालू शकणार नव्हत्या, आणि रविवारी तर पाहुणे दारात.

खोळ धुतली. जयपूरच्या उन्हात ती अर्ध्या तासात वाळली. इस्त्री केली, चढवली, झालर जमिनीपर्यंत ओढली. फक्त ती गाठ मला येत नव्हती. मी आपली साधी दुहेरी गाठ मारली आणि कुलूप लावून वर आले. यांना सांगितलं नाही, मुग्धाला सांगितलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माहेरी-सासरी सर्वांना माहीत. पण ही गोष्ट मी गिळली.

शनिवारी काका आले. त्यांना पलंगावर नीट झोपवून काकू बाहेर आल्या आणि सोफ्यावर टेकल्या. मी समोर उभी. त्यांचा हात सवयीने झालरीखाली गेला आणि थांबला. माझी गाठ त्यांच्या बोटांना लागली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. म्हटलं, आता ही बाई मला हाकलून देणार.

"चहा ठेव, पोरी," म्हणाल्या.

बस्स, एवढंच. रविवारी पाहुणे आले, सोफ्यावर बसले, बांधणी मजबूत आहे म्हणाले. लग्न ठरलं, थाटात झालं. पण काकू बदलल्या. त्या वर यायच्या, नाही असं नाही. पण दारात उभ्या राहून "येऊ का?" विचारायच्या. आत आल्या की सोफ्याच्या कडेवर बसायच्या, हात मांडीवर. झालर वर करणं बंद. माझीच नाही, कुणाचीच. मंडळातल्या बायका म्हणाल्या, सूनबाई येणार म्हणून काकू सुधारल्या. मला फार लागलं. माझं चुकलं होतं हे मला कळत होतं. पण माफी मागायची तर 'मी पाहिलं' असं म्हणावं लागणार, आणि नेमकं तेच म्हणायचं नव्हतं. ज्या 'येऊ का'साठी मी पहिल्या दिवशी तडफडले होते, ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. वर्षभर हे चाललं.

काका निवृत्त झाले आणि अमरावतीला फ्लॅट घेऊन दोघं निघाली. सामान जायच्या दिवशी कॉलनीतल्या सगळ्या बायका खाली जमल्या. माथुर आंटी त्यांच्या कोपऱ्यात बसून नाक पुसत होत्या. सामान उचलणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, आंटीजी, पहले सोफा ले लें? काकूंनी आंटींना हात धरून उठवलं. आणि सगळ्यांच्या देखत खाली वाकून गाठी सोडायला लागल्या.

मी पुढे झाले, काकू, राहू द्या, तसाच जाऊ दे म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. निळी खोळ निघाली, गादी निघाली, रजई निघाली. खोकी उघडी पडली. दहा बायका पुढे वाकून बघायला लागल्या.

"सोफा नहीं है भैया, पेटी है," काकू म्हणाल्या. "इसमें बर्तन भरो."

सगळ्यात आधी माथुर आंटींना कंठ फुटला. त्या डोळ्यांजवळ चष्मा धरून अक्षरं वाचत होत्या. "काच... मैं नौ साल से काँच पे बैठी थी?" आणि काकूंना हसू आलं. त्यांना एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग आंटी हसल्या, मग सगळ्याच. एक जण तर संत्र्याच्या पेटीजवळ उभी राहून मोबाईलवर फोटो काढून घेत होती. मी एकटीच भिंतीला टेकून उभी.

बायका गेल्यावर काकूंनी मला हाक मारली. एका खोक्यावर बसल्या, शेजारच्या खोक्यावर मला बसवलं आणि सांगायला लागल्या. त्यांचे वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर. लग्नात त्यांनी सासरच्यांना सोफा कबूल केला होता, आणि तो त्यांना जमला नाही. सासूबाई उठता-बसता टोचायच्या. मग काकांची बदली रायपूरला झाली आणि सहा महिन्यांनी सासूबाई तिथे यायला निघाल्या. त्या यायच्या आदल्या दिवशी काकूंनी बदलीची खोकी भिंतीला लावली, लग्नातला शालू फाडून खोळ शिवली आणि सासूबाईंना सांगितलं, बाबांनी पाठवला. सासूबाई बसल्या, खूश झाल्या, आणि अमरावतीत सगळ्यांना सांगत सुटल्या की मास्तर शब्दाचा पक्का. मग ती खोळ काढायची सोयच राहिली नाही. दर बदलीत पोराला आजोळी पाठवायचं आणि सोफ्याची खोकी करायची, नव्या गावात परत खोक्यांचा सोफा. पोराला अजून माहीत नव्हतं. म्हणाल्या, ज्यांच्यापुढे बाबांचं नाव राखायचं, ते सगळे आता गेले.

मी त्यांना विचारलं, तुमच्या बाबांना कळलं का कधी.

"आले होते नं रायपूरले," काकू म्हणाल्या. "सासूबाईच्या शेजारी बसले. बसल्याबरोबर त्यांचा हात खाली गेला. गाठ लागली हाताले. ते बाज विणायचे, त्यांनीच शिकवली होती मले ती. माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाले, चहा ठेव, पोरी. जाईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत."

मी समोर पडलेली निळी खोळ उचलून तिची घडी घालायला लागले.

"तुझी गाठ भल्ली गचाळ होती वं, पण मी सोडली नाही ती," काकू म्हणाल्या. "पाहुणे उठेपर्यंत जीव टांगणीले होता माझा."

मी शेवटी बोलले. काकू, माझं चुकलं म्हटलं. वर्षभर तुम्ही दारात 'येऊ का' विचारत होता, ते मला सहन होत नव्हतं. तर त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. त्यांना वाटत होतं मला ते बरं वाटत असेल. म्हणाल्या, ज्याचं स्वतःचं उघडं पडलं, त्यानं दुसऱ्याच्या घरात काय हात घालायचा? लाज वाटायची मले. वर्षभर वाट पाहिली, की आज कोणी हसेल, उद्या कोणी हसेल. कोणीच हसलं नाही. म्हणजे तू बोलली नाहीस. मग म्हटलं, एकीले कळून काही झालं नाही, तर जाताना सगळ्यांनाच कळू दे.

आम्ही दोघी एकाच अंगणात, एकाच जिन्याखाली-वर, वर्षभर एकमेकींची लाज धरून बसलो होतो. याचा मला त्या सोफ्याहून मोठा धक्का बसला.

मी उठून चहा ठेवायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे भांडं कुठलं असणार. सगळी भांडी खोक्यांत. टॅक्सी यायला अजून वेळ होता, म्हणून त्यांना वर घेऊन आले. जिना चढताना त्यांनी माझा दंड धरला होता. दारात थांबल्या नाहीत.

मी आलं ठेचलं, दूध घातलं, चहाला दोन उकळ्या येऊ दिल्या. दोन कप घेऊन आले, तर काकू माझ्या सोफ्यापाशी फरशीवर बसलेल्या, झालर वर केलेली, आणि हात कोपरापर्यंत आत. मी कप घेऊन तशीच उभी राहिले. त्यांनी चाचपून चाचपून हात बाहेर काढला. मुग्धाचा कंगवा होता, दोन दात पडलेला.

"खरूज गेली नाही वं अजून," म्हणाल्या, आणि तो माझ्या हातात ठेवला.